अंधारात न थांबणारी मोटार

उमरग्यात आमच्या अप्पांचं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातली पाण्याची मोटार जळाली की शेतकरी ती मोटारसायकलला मागं बांधून आणतात आणि अप्पा जळकी तार काढून नवी तांब्याची तार भरून देतात. सीमेपलीकडच्या गिऱ्हाइकाशी कानडीत बोलायचं, अलीकडच्याशी मराठीत, आणि मोटारीशी न बोलता, अशी त्यांची रीत. मी पुण्याला पीएच.डी.ला गेलो आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मीपण मोटारींवरच काम करतोय." अप्पांनी एवढंच विचारलं, "किती एचपीची?"

माझी मोटार प्रथिनाची. पेशीच्या आत इकडचं सामान तिकडं वाहून नेणाऱ्या अशा मोटारी असतातच. आम्ही त्या काचेवर चिकटवतो, वर बारीक तंतू सोडतो, आणि मोटारी ते तंतू पुढं ढकलत नेतात. पुढंमागं अशा नखाएवढ्या काचेवर रक्ताचा थेंब टाकून आजार ओळखावा, असा बेत. माझ्या वाट्याला एकच काम होतं. निळा उजेड पडला की मोटारीनं चालायचं, अंधार झाला की थांबायचं. त्यासाठी तिला उजेड ओळखणारा एक तुकडा जोडला होता. तांबडा उजेड त्याला कळत नाही, म्हणून तांबड्या उजेडात आम्ही सूक्ष्मदर्शकातून बघायचो.

चालायची झकास. थांबत नव्हती.

चार महिने मी प्रथिनाला नावं ठेवली, मग काचेला, मग क्षाराच्या पाण्याला. शेवटी मार्गदर्शक बाईंना लिहून टाकलं की प्रथिनच खराब निघालं. त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत एकदा शेवटचं बघ. नाहीच थांबली तर विषय बंद करू." विषय बंद म्हणजे माझी चार वर्षं पाण्यात. असल्या वेळी प्रयोगशाळेत बसावं, तर मी गाडी पकडून उमरग्याला आलो.

दुकानात अप्पांना सगळी कर्मकथा ऐकवली. ते तार गुंडाळत होते, मान वर नाही.

"बंद केल्यावरबी फिरती, म्हंजी कुठनं तरी सप्लाय येतोय," ते म्हणाले.

"अप्पा, ती विजेवर न्हाय चालत. उजेडावर चालते."

"मग उजेड येतोय."

"खोलीत काळाकुट्ट अंधार असतो. मी स्वतः बसलेला असतो तिथं."

"मालक म्हनला लाईन बंद हाय, म्हणून म्या कधी हात लावला का?"

हे मात्र खरं. शेतावर मोटार उघडायची तर अप्पा आधी फ्यूज उपसून खिशात घालतात. मालकानं आईची शपथ घेतली तरी फ्यूज खिशात पडल्याशिवाय पान्याला हात नाही. हा माणूस तीस वर्षं कुणाच्या 'बंद'वर विश्वास न ठेवल्यामुळं जिवंत आहे.

"आन बसून काय करतुस रं तिथं?" त्यांनी विचारलं.

काय करणार. प्रयोग अडीच तासांचा. मांडीवर मोबाईल ठेवून, वर कोट पांघरून मी क्रिकेटचा स्कोअर बघत होतो. चार महिने. उजेड अगदी कमी करून, एवढी अक्कल मी दाखवली होती.

अप्पांनी उत्तर मागितलं नाही. माझं तोंड बघितलं आणि पुन्हा तार गुंडाळायला लागले. "जा," म्हणाले, "रविवारची गाडी रिकामी असती."

रविवारी दुपारी मोबाईल बाहेरच्या टेबलावर ठेवून मी आत गेलो. निळा दिवा बंद केला. थोड्या वेळानं तंतू रेंगाळले, आणि थांबले. बाहेर धावत येऊन मी अप्पांना व्हिडिओ कॉल लावला, सूक्ष्मदर्शकाचं चित्रण बाहेरच्या संगणकावर लावलं आणि फोन त्याच्यापुढं धरला. पडद्यावर त्यांचं अर्धं कपाळ आणि चष्मा. एक मिनिटभर ते न हललेले तंतू त्यांनी मन लावून बघितले.

"थांबलंय हे."

"व्हय अप्पा, तेच तर."

"थांबायला काय, मेलेलीबी थांबती. चालू करून दाव."

हे मला सुचलंच नव्हतं. "आत फोन न्हाय नेता येत. चार महिने त्याच्याच निळ्या उजेडावर चालत होती ती," मी म्हणालो.

"मग ठिव तिथंच. म्या हाय."

फोन टेबलावर उताणा ठेवून आत गेलो. दिवा लावला. काहीच नाही. मग एक तंतू सरकला, मग दुसरा, मग सगळी जत्रा निघाली. विझवला, थांबली. लावला, चालली. पुन्हा एकदा तेच.

वीस-पंचवीस मिनिटांनी बाहेर आलो तर कॉल चालूच. दुकानातल्या स्टुलावर बसून अप्पा आमच्या प्रयोगशाळेचं छत बघत होते.

"चालली, अप्पा."

"कितीदा बघितलंस?"

"तीनदा."

त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"बाईंना मोबाईलचं सांगावं लागंल," मी म्हणालो.

"सांग की. बिचाऱ्या मोटारीवर चार म्हैने आळ घेतलास." जरा थांबून म्हणाले, "आन तुमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. मघापासनं ऐकतोय. कुणाला तरी सांग, न्हायतर म्या येतो."