कोपऱ्यावरच्या डेअरीचं दूध

खालांचा कुणाच्याही ‘हो’वर विश्वास नव्हता. नळ बंद केला का, असं विचारायच्या आणि आपण हो म्हटलं की स्वतः जाऊन तो पिळून बघायच्या. टाकी भरली म्हटलं की गच्चीवर चढून झाकण उचलायच्या. लातुरात पाणी कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा इथवर ठीक होतं. पण सकाळी फिरून आले असं कुणी म्हटलं, तर खाला तिच्या दाराबाहेरच्या चपलेवर बोट फिरवत. बोटाला धूळ लागली नाही की म्हणत, “का गं, चप्पल घरी ठेवून फिरलीस?”

खाला आमच्या घरमालकीण. क्लासच्या भागात त्यांची इमारत. खालच्या मजल्यावर त्या एकट्या आणि वर आम्ही भाडेकरू बाया. गावाकडचं घर नवऱ्यावर सोपवून, लेकींच्या मेडिकलच्या तयारीसाठी खोल्या घेऊन राहिलेल्या. खाला कुणालाच नावानं हाक मारत नसत. माझी शेजारीण इस्लापूरवाली, मी लोहावाली.

लोह्यात आमचं खत-बियाणांचं दुकान आहे. त्याचे हिशेब मी लातुरातूनही सांभाळत होते. खोलीच्या दाराला आतून रोजच्या कामांची यादी चिकटवलेली असे. लेकीचा डबा, दुकानाच्या ऑर्डरी, सासूबाईंच्या गोळ्यांसाठी फोन. शेवटी ‘चालणे’. हे शेवटचं काम रोज उद्याच्या यादीत जायचं. डॉक्टरांनी तर स्पष्ट बजावलं होतं, मणक्याची गादी सरकायला लागली आहे, रोज चालला नाहीत तर अंथरूण धराल. मी अंथरूण धरलं तर लेकीजवळ राहायला दुसरं कुणी नव्हतं. तिचं वर्ष माझ्या कंबरेवर उभं होतं. हे कळत असूनही वेळ काही सापडत नव्हता.

मी राहायला येऊन आठवडा झाला आणि खालांनी दोन नियम सांगितले. दूधवाला गेटच्या आत येणार नाही, ज्यानं त्यानं दूध स्वतः आणायचं. आणि कोपऱ्यावरच्या डेअरीतून आणायचं नाही. “पाणी घालतो त्यो,” त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. “चौकाच्या पल्याड, मंगल कार्यालयासमोर डेअरी हाय. तिथलं घे. अन् चालत जा. गाडीवर दूध हिंदकळून फुटतं.”

गाडीवर दूध फुटतं हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण पाण्याचं नाव निघाल्यावर मन धजेना. लेक पहाटे उठून अभ्यासाला बसते, तिच्या पोटात पाणचट दूध कसं घालायचं? गेले. किटली घेऊन रोज गेले. पाऊस असो, दुकानाचं काम असो, चहा व्हायचा तर जाणं भागच होतं. लांबचा रस्ता, मधे चढ. परत येईपर्यंत पाठ घामानं ओली व्हायची.

शंका मात्र जाईना. एक दिवस जिन्यात मी इस्लापूरवालीला म्हटलं, “ताई, खालांचं त्या चौकापलीकडच्या डेअरीत काहीतरी आहे. गिऱ्हाईक पाठवण्याचे मिळत असतील.”

“मला तर वाटतंय त्यो डेअरीवाला त्यांच्या नात्यातला हाय,” ती म्हणाली. “न्हाईतर आपण गेलो की खोल्या उघडून बघत असत्याल.”

त्यानंतर काही दिवस मी कुलूप लावल्यावर कडीत दोरा अडकवून जात असे. दोरा कधीच तुटलेला सापडला नाही. तेव्हा मला वाटलं, बाई हुशार आहे, दोरा परत बांधत असणार.

मग एका सकाळी लेकीला ताप होता म्हणून मी उशिरा निघाले. जिन्याच्या वळणावरून खालांचं मागचं दार दिसतं. दारात कोपऱ्यावरचा डेअरीवाला उभा होता आणि खालांच्या पातेल्यात दूध ओतत होता. वर “खाला, साय चांगली येती न्हवं?” असंही विचारत होता.

तो जाईपर्यंत मी थांबले. मग खाली उतरले. “खाला, पाण्याचं दूध तुम्हाला चालतं वाटतं?”

खालांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. जराही ओशाळल्या नाहीत. “पकडलीस का? दोरे बांधून राहिलीस तवाच वाटलं, ही एक दिवस पकडणार.”

“मग आम्हाला तिकडं का पिटाळता?”

“चाल म्हणलं असतं तर चालली असतीस? डॉक्टरनं बजावलेलं तूच बोलली होतीस, तरी चालली न्हाईस. दुधात पाणी म्हणलं की पळालीस.”

“आणि त्या बिचाऱ्याचा धंदा?”

“त्याला इचारूनच बोलते मी. सगळी हॉटेलं त्याच्याकडनंच नेतात. तुमच्या किटल्यांनी त्याचं काय अडतंय?” मग माझा हात धरून त्यांनी मला पायरीवर बसवलं. “तुम्ही बाया हितं येता पोरींना डॉक्टर करायला, अन् जाताना सोता पेशंट होऊन जाता. तुझ्या आधी त्याच खोलीत एक होती. दिवसभर बसून. चाल म्हणलं की म्हणायची, पोरीची परीक्षा होऊ दे. परीक्षेच्या तोंडावर कंबरेतून गेली. नवरा जीपमधे झोपवून घेऊन गेला. पोरगी हितं एकली राहिली, अन् मग तीबी निघून गेली गावाकडं.”

ही गोष्ट खरी, की तीही दुधातल्या पाण्यासारखीच, हे मला आजही माहीत नाही. मी चौकशी केली नाही. चौकशी केली असती तर कदाचित खोटी निघाली असती, आणि मला ते परवडण्यासारखं नव्हतं.

कारण आता अडचण माझी होती. कोपऱ्यावरचं दूध चांगलं आहे हे मला कळलं होतं. लेकीची परीक्षा जवळ आली होती, दुकानात हंगाम सुरू होता. पुढचे काही दिवस मी किटली घेऊन कोपऱ्यापर्यंतच गेले. वाचलेल्या वेळात खूप कामं उरकली. मग एका सकाळी कणीक मळताना डाव्या पायात मुंग्या चढल्या, आणि ओट्याला धरून मी तशीच उभी राहिले. लेक अभ्यास सोडून आली. “आई, काय झालं? बाबांना फोन करू?” तिच्या हातात पेन तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी चौकापलीकडे निघाले. आधी हळूहळू, थांबत थांबत. खाला गेटपाशी झाडत होत्या. म्हणाल्या, “लोहावाली, कुठं?”

“दूध आणायला.”

“कोपऱ्यावर मिळतंय की.”

“तिथं पाणी घालतात,” मी म्हटलं. खालांनी माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं. मी खरंच चौकापलीकडे जाणार की नुसतं म्हणतेय, ते त्यांना ठरवता येत नव्हतं बहुधा.

परीक्षा झाली. लेकीनं पेपर दिला. सामान जीपमधे चढलं. जीपपर्यंत जड पिशव्या मी स्वतः नेल्या नाहीत, पण माझ्या पायांनी चालत गेले. खोली घ्यायला शिरूर अनंतपाळची एक बाई मुलीला घेऊन आली होती. दाराला चिकटवलेल्या याद्यांचे चट्टे बघत होती. खाला आतले नळ पिळून बघण्यात गुंतल्या होत्या, म्हणून तिनं मलाच विचारलं, “ताई, कोपऱ्यावर डेअरी दिसली. तिथलं दूध बरं हाय न्हवं? मला लांब जायला येळच न्हाई बगा.”

आतला नळाचा आवाज थांबला.

मी तिच्या जवळ गेले आणि आवाज खाली आणून सांगितलं, “तिथं पाणी घालतात. चौकाच्या पलीकडं जा. आणि चालत जा.”

त्या बाईनं खिडकीतून कोपऱ्यावरच्या डेअरीकडे डोळे बारीक करून असं काही बघितलं की ती उद्या सकाळी चालणार, याची मला खात्री पटली.