बिनसाखरेचा चहा

"आक्काला बिनसाखरेचा. त्यांना शुगर हाय."

भावजय पाव्हण्यांसमोर म्हणली आणि माझा कप वेगळा आला. भाचीला बघायला कंधारहून मंडळी आली होती. मी कोपऱ्यात भिंतीला टेकून तो फिका चहा पीत बसले.

मला शुगर न्हाई. कधीच नव्हती.

माझ्या गोळ्या डोक्याच्या. तरुणपणी कानात आवाज यायला लागले, झोप गेली, नवऱ्यानं नांदेडला भावाच्या दारात आणून सोडलं. तेव्हा भावजय म्हणली, "कोणी विचारलं तर शुगरच्या म्हणायचं. घराच्या इज्जतीचा सवाल हाय." मी मान डोलावून हाव म्हणलं. तेव्हापासून तेच म्हणून राहिले. नांदेडात दवाखाना असून लातूरला जायची, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. बारशात जिलेबी नको म्हणायची. संक्रांतीचा तिळगूळ पदराला बांधून आणायची अन् न्हाणीत जाऊन खायची. एवढी म्हातारी बाई, न्हाणीत तिळगूळ खाते. हसू येतंय ना? मलाबी येतं.

पण खरं सांगू का, भावजयीनं एकदाच सांगितलं होतं. बाकीची सगळी वर्षं मीच मला सांगत आले. गल्लीत कोणी हसलं की वाटायचं, मलाच. कोणाचं लेकरू घ्यायला हात पुढं केला की आपणच मागं घ्यायचा. घेऊ नको असं कोणी म्हणलंबी नव्हतं.

तर त्या दिवशी. मुलाची आई बोलता बोलता म्हणली, "नायगावची एक पोरगी बघितली. चांगली होती. पण तिची मावशी डोक्याच्या गोळ्या खाती म्हणं. असल्या घरात कोण सोयरीक करावं? व्हय की न्हाई, आक्का?"

मी म्हणलं, "हाव. खरंय."

माझंच तोंड. शब्द बाहेर पडला. नायगावची ती मावशी मला दिसली. माझ्यासारखीच कुठंतरी भिंतीला टेकलेली.

थकले होते हो. आजारानं न्हाई, लपवून लपवून.

कप खाली ठेवला. म्हणलं, "माझ्या चहात साखर टाका. मला शुगर न्हाई. मीबी डोक्याच्याच गोळ्या खाते."

भावजय फरशीकडं बघून राहिली. भाची उठली, आतून साखरेचा डबा घेऊन आली. सोयरीक तिची होती.

"आत्या, किती टाकू?"

"दोन चमचे."

कंधारहून निरोप अजून आला न्हाई. येणारबी न्हाई बहुतेक. भावजय माझ्याशी बोलत न्हाई. तिचा राग खोटा न्हाई, पोरीची आई हाय ती. पण माझ्या गोळ्या आता साखरेच्या डब्याशेजारी, फळीवर. कोणी उचलून आत टाकल्या तर परत तिथंच ठेवीन. अन् असल्या घरात कोण सोयरीक करावं, असं पुन्हा कोणी विचारलं, तर त्याला माझा हाव मिळणार न्हाई.