एका दमातले आवाज

ज्या उन्हाळ्यात कोल्हापुरात माणसांना दवाखान्यात खाट मिळत नव्हती, त्याच उन्हाळ्यात आमच्या प्रकल्पाला सरकारचे पैसे मिळाले. हे कुणाला सांगताना मला अजून ओशाळल्यासारखं होतं.

प्रकल्प ज्यांचा होता ते सर छातीच्या रोगांचे डॉक्टर. गुऱ्हाळावर राबणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांचं धुरानं काय होतं, याचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं अर्ज केले होते. दरवेळी नकार. साथ आली आणि त्यांनी श्वासाचाच दुसरा एक प्रस्ताव पाठवला, तो बघता बघता मंजूर झाला. मला कामावर घेताना ते म्हणाले, "माणसं मरायला लागल्याशिवाय आपल्याकडं पैसा जागचा हलत नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

कल्पना साधी होती. खेड्यापाड्यात ऑक्सिजन मोजायचं यंत्र नसतं, पण फोन घरोघरी असतो. माणसाचा नुसता आवाज ऐकून त्याचा श्वास कमी पडतोय का, हे फोनला ओळखता आलं तर? त्यासाठी आजारी माणसांचे पुष्कळ आवाज हवे होते. मी वाचा-उपचार शिकलेली, क्लिनिक बंद झाल्यामुळं घरी बसलेली. आई नको म्हणत होती. मी गेले.

सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात मी अंगभर किट चढवून, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून खाटेखाटेशी जायची. परवानगी विचारायची आणि म्हणायची, "एका दमात जमतील तेवढे आकडे म्हणा. एकपासून."

"मला काय शाळंत घालाय आणलंय व्हय?" एका आजोबांनी विचारलं होतं. पण म्हणाले. सगळेच म्हणायचे. मास्क जरा बाजूला करून, शहाण्या मुलांसारखे. कुणी अठरापर्यंत जायचा, कुणी सहावरच थांबायचा आणि माझ्याकडं असा बघायचा, जणू परीक्षेत नापास झाला.

मग प्रकल्पाला मिळालेल्या एका जुन्या इमारतीतल्या मागच्या खोलीत बसून, कानाला हेडफोन लावून मी ते आवाज साफ करायची. नियम असा, की आकडे तेवढे ठेवायचे, बाकीचं बोलणं कापायचं. बोलण्यात नावगाव येतं, त्यावरून माणूस ओळखू येतो. म्हणून मी कापत गेले. "ताई, खाली आमची माणसं बसल्यात, जेवलो म्हणून सांगा." कापलं. "पंखा जरा बारीक करा की." कापलं. "ह्यानं बरं वाटतं व्हय ओ?" तेही कापलं. आवाजाला नाव नसायचं, नुसता क्रमांक. पण कोण गेलं ते मला वॉर्डात कळायचंच. खोलीत परत यायची, तर तोच माणूस कानात मोजायला लागलेला असायचा. एक, दोन, तीन, चार. मी नकळत माझा श्वास रोखून धरायची आणि तो थांबला की सोडायची.

घरी आई भाकरी मोजून दुरडीत टाकायची. तिनं मोठ्यानं आकडे म्हटले, की माझे हात थांबायचे. ती कुठं थांबते, याची मी वाट बघतेय हे लक्षात यायचं, आणि मी उठून गॅलरीत जायची.

वॉर्डातल्या माणसांत एक गडहिंग्लजचे गृहस्थ होते. वीज मंडळात वायरमन. तिकडं ऑक्सिजन मिळेना म्हणून इकडं आणलेले. मी आकडे म्हणा म्हटल्यावर हसले. "खांबावर चढणारा माणूस हाय मी. माझा दम मोजताय व्हय?" आणि एका दमात चौदापर्यंत गेले. मग खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणाले, "आज एवढंच. उद्या या, उद्या जास्त म्हणून दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांना आयसीयूत हलवलं होतं. तिथं जायची मला परवानगी नव्हती. ते गेल्याचं नंतर कळलं.

लाट ओसरल्यावर बऱ्याच दिवसांनी पांढऱ्या साडीतली एक बाई खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"हितं माणसांचं आवाज भरून घेतल्यात म्हणं?"

"हो मावशी. तुम्ही कुठून आलात?"

"गडहिंग्लजहून आलोय." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, पुरुषासारख्या. "आमचं हे तुमच्या दवाखान्यात गेलं. वायरमन हुतं. फोनवर मला सांगिटलंतं, एक पोरगी आलती, आवाज घेऊन गेली, सरकारी संशोधन हाय म्हणून. त्यो आवाज पायजे मला."

मी त्यांना बसवलं आणि सरांना बोलावून आणलं. तोवर त्या सांगत होत्या. दवाखान्यात त्यांना आत सोडलं नव्हतं. शेवटचं तोंडसुद्धा लांबूनच बघितलं, तेही बांधलेलं. घरात कुठं त्यांचा आवाज म्हणून नाही. फोन साधा होता. "लग्नाच्या शूटिंगची शीडी हाय, पण तिच्यात सगळी बँजोच वाजतीया. माणूस दिसतंय, तोंड हलतंय, आवाज न्हाय."

सरांनी त्यांना समजावून सांगितलं. आवाज नाव न ठेवता जमा केलेत, ते प्रकल्पाचे आहेत, असे कुणाला देता येत नाहीत.

"ह्यात पैसा कुणी घाटलाय?" त्यांनी विचारलं.

"सरकारनं."

"म्हंजे आमीच की. साबणाची वडी घेतली तरी कर भरतोय मी. पैसा आमचा, आवाज आमच्या माणसाचा. मग न्हाय कसं म्हणताय?"

सर म्हणाले, "मावशी, तुमचं बरोबर आहे. पण मला विचारावं लागेल."

त्यांनी एथिक्स कमिटीपुढं विषय ठेवला. कमिटीनं वेळ घेतला. शेवटी ठरलं, की पत्नीनं एकदा ऐकायला हरकत नाही, पण प्रत द्यायची नाही. हे फोनवर सांगताना सरांचा आवाज बारीक झाला होता. पलीकडून मावशी एवढंच म्हणाल्या, "एकदा तर एकदा. येतो."

त्या आल्या. त्यांच्या डोक्यावरचा पदर मागं घेऊन मी हेडफोन लावून दिला. क्रमांक मला पाठ होता, शोधावा लागला नाही. मला ऐकू येत नव्हतं, पण पडद्यावर रेघा उठताना दिसत होत्या. एकेका आकड्याची एकेक. पुढं पुढं त्या लहान होत गेल्या आणि शेवटी रेघ सपाट झाली.

"संपलं, मावशी," मी म्हणाले.

त्यांनी हात वर केला. "थांब. दम घेत्यात."

मी थांबले. सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरून त्या तशाच बसून राहिल्या. यंत्र बंद करायचं धाडस मला झालं नाही. मग त्यांनी स्वतःच हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"एवढंच बोललं?"

नाही, मी सांगितलं. खांबावर चढणारा माणूस हाय म्हणाले, हसले, आणि उद्या या म्हणाले, उद्या जास्त म्हणून दाखवतो. ते ह्यात ठेवता येत नव्हतं.

"कसं म्हणालं? तसंच म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं. माझ्या तोंडून त्या माणसाचा सूर जसाच्या तसा आला, 'चढणारा'वर जोर देऊन, शेवटी हसून. मावशींनी मान हलवली. "व्हय. असंच बोलायचं." आणि त्या रडायला लागल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी प्रकल्प बंद झाला. मुदत वाढवून मिळाली नाही. साथ ओसरली होती, पैशांची निकड दुसरीकडं होती. सगळे आवाज परराज्यातल्या एका केंद्रात गेले आणि आमच्याकडची प्रत नियमाप्रमाणं पुसायची होती. ते मीच केलं. सर पुढं निवृत्त झाले. गुऱ्हाळाचा अभ्यास राहून गेला.

वर्षानं मावशींचा फोन आला. त्यांच्या माणसाच्या स्मृतिदिनाचा, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता, ये म्हणाल्या. मी एसटीनं गडहिंग्लजला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली. मांडवातून माणसं पांगायला लागल्यावर त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. तिथं न्हाणीपाशी खरकट्या भांड्यांचा ढीग होता.

"ते आवाज कुठं असत्यात आता?"

मी त्या शहराचं नाव सांगितलं. ते त्यांनी ऐकलेलं नव्हतं.

"लांब हाय?"

"लांब आहे."

"तिकडं कोण ऐकतंय का त्यांना?"

"ऐकतात. जास्त करून कॉम्प्युटरच ऐकतो. पण माणसंही असतात."

"मराठी येतंय का त्यांना?"

भाषा कळायची गरज नाही, श्वास तेवढा मोजायचा असतो, हे खरं उत्तर होतं. मी म्हणाले, "एखाद्याला येत असेल."

"आकडं तरी कळाय पायजेत की," त्या म्हणाल्या. "न्हायतर त्यो माणूस काय म्हणतोय, कुठं थांबलाय, कसं कळायचं? उगंच बोलत बसायचं एकट्यानं तिकडं."

त्या खाली बसल्या आणि राखेत हात घालून पातेलं घासायला लागल्या. पुढून कुणीतरी निघतो म्हणून हाक दिली. मान न वळवता त्यांनी "बरं, जावा सावकाश" म्हटलं. मी ओढणी कमरेला बांधली, बादली ओढून घेतली आणि घासलेली भांडी विसळायला त्यांच्या शेजारी बसले.