चारात एक

श्रीरामपूरच्या कॉलेजात परीक्षेचा अर्ज भरायच्या खिडकीपाशी राजेश्वरी माझ्या पुढे उभी होती. कडेवर मुलगी झोपलेली, खांद्याला जड पिशवी. "विषय कोणता राहिलाय?" आतल्या क्लार्कनं विचारलं. "स्टॅटिस्टिक्स," ती म्हणाली आणि उगाच मागं वळून माझ्याकडं बघून ओशाळं हसली. मी म्हटलं, "लाजू नको. माझाही तोच राहिलाय."

बोलता बोलता कळलं की तिचं सासर पुणतांब्याचंच, आमच्या घरापासून फार लांब नाही. माहेर शेवगावकडचं. तिकडं कॉलेज चालू असतानाच लग्न झालं आणि बाकीचे पेपर तिनं संसार करता करता बाहेरून दिले. एवढा एकच मानगुटीवर बसला होता. माझंही तसंच. माझ्या अब्बांचं बांगड्यांचं दुकान. दुकान आणि शिकवण्या यांत माझा हा पेपर दरवर्षी मागं पडायचा. मला डिग्री हवी होती ती नुसती नावापुढं लावायला. राजेश्वरीला मात्र ती खरोखर हवी होती. तिला नगरला नोकरी धरायची होती, कारण तिच्या संस्कृतीचा दवाखाना नगरला होता.

संस्कृतीला थॅलेसेमिया होता. अंगात रक्त तयार होतं पण टिकत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी बाहेरून चढवायचं. सहा महिन्यांची असताना ती पांढरी पडत गेली. आधी कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग शनिशिंगणापूरला तेल वाहून झालं, मग कोणीतरी नगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आई-बाप दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही तो दोष लपलेला. त्यांना स्वतःला त्याचा काही त्रास नाही, पण त्यांच्या मुलाला हा आजार व्हायची शक्यता चारात एक.

दोघांत एकच दोष कसा, याचं गावात कोणाला कोडं नव्हतं. राजेश्वरीचा नवरा अंगद तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. तिची सासू झुंबरबाई हीच तिची आत्या. भावाची पोर घरात आणायची हे झुंबरबाईनं राजेश्वरी पाळण्यात असतानाच बोलून ठेवलं होतं. त्यात वाईट काही नव्हतं; आमच्याकडं सगळेच तसं करतात. पण आजोबांच्या अंगातलं जे होतं ते दोन वाटांनी खाली आलं आणि संस्कृतीत एकत्र झालं.

घरी राजेश्वरीला अभ्यासाला वेळ मिळायचा नाही. गाई, धारा, स्वयंपाक, त्यात मुलीच्या गोळ्या. रक्त चढून चढून अंगात लोह साठतं, ते काढायची गोळी उपाशीपोटी पाण्यात विरघळवून द्यायची; संस्कृती ती तोंडात धरून बसायची आणि संधी मिळताच थुंकायची. तिला मोकळा वेळ एकच, दवाखान्यात रक्त चढत असताना. म्हणून मीही तिच्याबरोबर नगरला जायला लागले. संस्कृती खाटेवर, आम्ही दोघी खाली चटईवर पुस्तक उघडून.

मीन, मीडियन तिला लवकर जमलं. सरावाला आकडे हवेत म्हणून मी एकदा सुचवलं, संस्कृतीच्या हिमोग्लोबिनचेच घेऊ. तिनं भराभर सरासरी काढली. चांगली आली. मी म्हटलं, "बघ, एवढं काही वाईट नाही."

"सरासरी चांगलीये गं," ती म्हणाली. "पण मे महिन्यात रक्त मिळालं नव्हतं, तेव्हा ती पाचावर गेली होती. तिला जिना चढता येईना. ते ह्या सरासरीत कुठं दिसतंय?"

मग मी तिला प्रमाण विचलन शिकवलं. ते तिला आवडलं. कोण किती लांब फेकला गेलाय ते तरी ह्याच्यात कळतं, म्हणाली.

अडलं ते प्रॉबॅबिलिटीत. पुस्तकातली निम्मी गणितं पत्त्यांची, आणि तिनं जन्मात पत्त्याला हात लावलेला नव्हता. बावन्न पानांत राण्या किती, काळी पानं किती, काहीच ठाऊक नाही. अंगद मात्र पारावर रमी खेळणारा. एका संध्याकाळी तो जुना कॅट घेऊन आला आणि ओसरीवर पानं मांडून बायकोला शिकवायला लागला. बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. मी होते तेव्हा तिथं. झुंबरबाई आतून ओरडल्या, "आरं, दिवेलागनीला पत्ते काय मांडतू? सुनंला जुगार शिकवतू का?" अंगद म्हणाला, "आये, परीक्षेला हाय हे." झुंबरबाईंचा विश्वास बसला नाही. पण राजेश्वरी त्या दिवशी खळखळून हसली. तिला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

त्याच सुमारास घरात दुसऱ्या मुलाचा विषय जोरात सुरू झाला होता. झुंबरबाईंचा हिशोब सरळ होता. माझ्यासमोर त्यांनी तो बोटांवर मांडला. "डाक्टरीन काय म्हनली? चारात एक. मंग ती एक झाली की! संस्कृती झाली. आता र्‍हायली ती तिन्ही चांगली. देव काय आंधळा हाय व्हय?"

अंगदलाही ते पटत होतं. राजेश्वरी भाकऱ्या थापत राहायची. मला वाटतं, तिलाही ते पटावंसं वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका फेरीला संस्कृतीची शीर लवकर सापडेना. सिस्टरनं दोन्ही हात, मग पाय पाहिला. मूल रडून थकलं आणि झोपलं. बाटली एकदाची सुरू झाली तेव्हा राजेश्वरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, घे गणितं."

मी एक सोपं घेतलं. नाणं तीनदा उडवलं, तिन्ही वेळा छापा पडला. चौथ्यांदा छापा पडायची शक्यता किती?

"कमी," ती म्हणाली. "आता काटा पडायला पाहिजे."

"का?"

"तीनदा छापाच आलाय ना!"

"ते आपल्याला माहीत. नाण्याला काय ठाऊक आधी काय पडलं ते? त्याला दोनच बाजू. निम्मी शक्यता, दर वेळेला."

तिनं ते वहीत उतरवून घेतलं. मी पुढचं घेतलं. पिशवीत चार चेंडू, एक काळा, तीन पांढरे. एक काढला, तो काळा निघाला. दुसरा काळा निघायची शक्यता किती? "काळा संपला," ती म्हणाली. "शून्य." मी म्हटलं, "नीट वाच. पहिला चेंडू परत पिशवीत टाकलाय. मग चारात एकच. पुन्हा पहिल्यासारखं."

तिनं पेन खाली ठेवलं. खाटेकडं बघितलं. नंतर माझ्याकडं न बघता विचारलं, "तमन्ना, आमच्यात चेंडू परत जातो का गं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी पुस्तक मिटलं. मी म्हटलं, "मला त्यातलं काय कळतंय? डॉक्टरांना विचार." पण मला कळत होतं, आणि तिलाही कळलं होतं.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई वॉर्डात आल्या तेव्हा तिनं थेट विचारलं. बाई खुर्ची ओढून बसल्या. प्रत्येक वेळी चारात एक, त्यांनी सांगितलं. आधीच्या मुलाशी त्याचा संबंध नाही. पण आता पुण्याला तपासणी होते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाच्या वारेचा बारीक तुकडा घेतात आणि बाळाला आजार आहे की नाही ते सांगतात. "उशीर करू नका," एवढं बोलून त्या दुसऱ्या खाटेकडं गेल्या.

घरी झुंबरबाईंनी तपासणीचं नाव काढू दिलं नाही. "तपासून काय करनार? वाईट निघालं तर काय करनार, ते बोल की!" अंगद ना इकडचा ना तिकडचा. "आये म्हनती ते बी खरं हाय. येकदा झालं म्हंजी परत परत कसं हुईल?"

मग राजेश्वरीनं काय केलं ते मला नंतर अंगदनंच सांगितलं. दुपारी झुंबरबाई शेतात गेलेल्या. तिनं फडताळातून तो पत्त्यांचा कॅट काढला आणि त्याच्यापुढं ठेवला. म्हणाली, "चार रंग. इस्पिक म्हणजे आजार. ओढा एक पान."

त्यानं ओढलं. बदाम आला. "बघ," तो म्हणाला.

"परत घाला. पिसा. ओढा."

चौकट आली. मग पुन्हा बदाम. मग किलवर. त्याला धीर यायला लागला. त्यानं पुन्हा पिसलं, ओढलं, आणि इस्पिकची दुर्री आली.

"ही आपली संस्कृती," ती म्हणाली. "परत घाला. पिसा. आता ओढा."

"परक्या न्हाई तुमी, भैनीसारख्या," अंगद मला सांगत होता, "म्हून सांगतो, तमन्नाताई. मी रोज पत्ते पिसनारा मानूस. पर हात पुढं जाईना. ती म्हनली, आता इस्पिक येनार न्हाई असं वाटत आसंल तर ओढा की. मला ओढताच आलं न्हाई."

पुढच्याच आठवड्यात तो तिला घेऊन पुण्याला गेला. आईला सांगितलं, राजेश्वरीच्या मावशीकडं जातोय.

तपासणीचा निकाल यायला वेळ लागतो. त्या दिवसांत राजेश्वरीनं अभ्यास असा केला की माझीच दमछाक झाली. सहसंबंध, निर्देशांक, जुन्या प्रश्नपत्रिका. चुकलेलं गणित खोडून पहिल्यापासून करायची. बोलायची फक्त आकड्यांचं. मी एकदा म्हटलं, "चारात तीन वेळा चांगलंच असतं गं." ती म्हणाली, "तीन वेळा नाही. मला एकदाच ओढायचंय."

फोन आला तेव्हा ती गोठ्यात होती. बाळाला आजार होता. संस्कृतीसारखाच.

पुढचा निर्णय तिनं कोणालाही विचारून घेतला नाही. अंगदला फक्त एवढं म्हणाली, "सुई टोचताना संस्कृतीचे पाय मी धरते. तुम्ही बाहेर उभे राहता. दुसऱ्याचे पाय धरायला माझ्याकडं हात नाहीत." तो रडला. मग तिच्याबरोबर गेला.

परत आल्यावर लपवायचं काही उरलं नव्हतं. झुंबरबाईंनी दारातच विचारलं आणि राजेश्वरीनं दारातच सांगितलं. झुंबरबाई किंचाळल्या नाहीत. ओसरीच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "माज्या भावाची पोर तू. माजा नातू मारून आलीस."

"आत्या," राजेश्वरी म्हणाली, "नातू होता का नात, ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही."

त्या दिवसापासून झुंबरबाई तिच्याशी बोलल्या नाहीत. एका चुलीवर दोघींचा स्वयंपाक, पण मीठ हवं असलं तरी संस्कृतीला पाठवायच्या. अंगदनं एकदा समजावायचा प्रयत्न केला की दोष दोघांकडून आलाय, तुझ्याकडूनही आलेला असेल. त्यानंतर झुंबरबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. अंगदनं तो विषय पुन्हा काढला नाही.

पेपर त्याच महिन्यात होता. राजेश्वरी येणार नाही असंच मी धरून चालले होते. पण श्रीरामपूरच्या स्टँडवर ती उभी होती, ओठ पांढरे, पोटाशी पिशवी घट्ट धरलेली. वर्गात माझा नंबर तिच्या मागं होता. ती पहिला तास मान वर न करता लिहीत होती. नंतर थांबली. बराच वेळ पेन नुसतं हातात. पर्यवेक्षिकेनं येऊन विचारलं, "बरं वाटत नाही का?" तिनं मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "प्रॉबॅबिलिटीचा प्रश्न सोपा होता नाही? पिशवीतल्या चेंडूंचा."

"मी सोडला तो," ती म्हणाली.

"अगं, तुला येत होता!"

"येत होता." ती नळाजवळ गेली, तोंडावर पाणी मारलं. "पहिली ओळ लिहिली आणि पुढं हात चालेना. बाकीच्यावर पास झाले तर झाले."

ती पास झाली, अगदी काठावर. मी तिच्याहून बऱ्याच जास्त गुणांनी पास झाले आणि ते तिला सांगायचं मी टाळलं. पेढे कुणीच वाटले नाहीत.

वर्षभरात तिला नगरला एका गाड्यांच्या शोरूममध्ये हिशोबाचं काम मिळालं. दवाखान्यापासून चालत जाता येईल अशी खोली घेतली. संस्कृतीला तिथल्या शाळेत घातलं. अंगद शनिवारी जातो, सोमवारी परततो. गाई आणि आई टाकून त्याला येता येत नाही. मूल होऊ न देण्याचं ऑपरेशन तिनं करून घेतलंय. झुंबरबाई मुलाबरोबर बाजरीचं पीठ पाठवतात, नातीसाठी म्हणून. स्वतः एकदाही गेलेल्या नाहीत.

संस्कृतीचं पोट आता थोडं पुढं आलंय. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीये; कदाचित काढावी लागेल असं डॉक्टर म्हणतात. उन्हाळ्यात कॉलेजं बंद झाली की रक्तदानाची शिबिरं थांबतात, तेव्हा राजेश्वरी कामावरून सुटल्यावर ओळखीपाळखीच्यांना फोन करत बसते.

परवा ती पुणतांब्याला यायला निघाली तेव्हा मी नगरला होते. आम्ही एकाच एसटीत बसलो. संस्कृती खिडकीशी, पाय सीटवरून लोंबकळत. कंडक्टर आला. राजेश्वरी म्हणाली, "एक माझं, आणि हिचं हाफ."

त्यानं मुलीकडं पाहिलं. "असू द्या की ताई. पाचाच्या आतली दिसतीये, तिला तिकीट न्हाई लागत."

"सात वर्षांची आहे ती," राजेश्वरी म्हणाली. "पुढच्या महिन्यात आठ पुरी होतील. हाफ द्या."

त्यानं पुन्हा एकदा संस्कृतीकडं पाहिलं आणि तिकीट फाडून दिलं. राजेश्वरीनं ते मुलीच्या हातात दिलं. म्हणाली, "धर नीट. तुझं आहे."