स्थळ घेऊन येणारे भाऊ

दाराची कडी वाजवण्याआधी भाऊ शर्टावरचा दवाखान्याचा बिल्ला काढून खिशात टाकायचे, टोपी सरळ करायचे आणि मला बजावायचे, "सिस्टर, आपण पाहुणे आहो. बाकी काही नाही."

भल्यासाठी खोटं बोलताना जराही न अडखळणारा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आमचे भाऊ त्यातले. सत्तरच्या दशकात नागपुरात आमच्या कॅन्सरच्या दवाखान्यात एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. काही बायकांना जुनं औषध, काहींना नवं. पुढे काही वर्षं त्यांना तपासून कोणतं जास्त गुणकारी ते ठरवायचं. बायका राजीखुशीने नाव द्यायच्या आणि जरा बरं वाटलं की यायच्या बंद व्हायच्या. त्यांना शोधून काढणं हे भाऊंचं काम. मी नर्स, म्हणून सोबतीला.

"एक आली नाही तर हिशेब चुकते, बाकीच्यांचं येणंबी वाया जाते," ते म्हणायचे. पण एखादीने नकोच म्हटलं, तर नमस्कार करून उठायचे. "मर्जीची गोष्ट आहे. ओढून न्यायले ते काय बकरी आहे?"

बायका यायच्या नाहीत त्या लोकलाजेपोटीही. घरात कॅन्सर आहे असं कळलं की मुलींची लग्नं अडायची. त्यावर भाऊंनी शक्कल काढली होती. आपण मुलीसाठी स्थळ घेऊन आलोय, असं गल्लीत सांगायचं. मी मध्यस्थाची बायको! माझं तेव्हा लग्नही झालं नव्हतं, पण बायका मला मुलं किती ते विचारायच्या. भाऊ गंभीरपणे उत्तर द्यायचे, "दोन आहेत. लहाना फार खोडकर आहे."

सक्करदऱ्यात एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे आम्ही वर्षभर असे जात होतो. त्यांचं छातीचं ऑपरेशन झालेलं. घरात लग्नाची एकुलती एक मुलगी. कधी आमचं स्थळ उमरेडचं असायचं, कधी भिवापूरचं, मिरचीच्या व्यापाऱ्याचं. आत गेल्यावर मी बाईंची विचारपूस करायची, भाऊ पुढची तारीख सांगायचे आणि बाई त्या तारखेला गुपचूप दवाखान्यात येऊन जायच्या.

एकदा आम्ही निघत होतो, तर समोरच्या ओट्यावरून शेजारीण मोठ्याने म्हणाली, "काहून वं माय, इतके स्थळं येऊन राहिले अन् एकबी ठरत नाही? पोरीत काही खोट आहे काय?"

मुलगी दारातच उभी होती. ती मान खाली घालून आत गेली. आईचा रोग झाकता झाकता आम्ही पोरीचं नाव खराब करून ठेवलं होतं आणि हे आमच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. भाऊंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांना खोटं सुचेना.

बाई पायरी उतरून गल्लीत आल्या. त्यांनी पदर सारखा केला. "माह्या पोरीत काही खोट नाही. रोग मले आहे, छातीचा कॅन्सर. हे स्थळवाले नाहीत, दवाखान्यातले आहेत."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. भाऊंनी सायकल घेतली, पण तिच्यावर बसले नाहीत. हातात धरूनच चालत राहिले. गल्ली संपल्यावर म्हणाले, "सिस्टर, औषधासाठी आपण त्या बाईले विचारलं होतं. या खोट्यासाठी विचारलंच नाही."

त्यानंतर बाई आपणहून येऊ लागल्या, उघडपणे. भाऊ मात्र त्यांना तोंड दाखवेनात. त्या दिसल्या की माझ्या टेबलामागच्या पडद्याआड जाऊन उभे राहायचे. पडदा आखूड होता, खाली त्यांच्या चपला दिसायच्या. बाई त्या चपलांकडे बघत विचारायच्या, "पाहुणे नाही आले काय आज?" मी म्हणायची, "सुटीवर आहेत." खालचे पाय आणखी मागे सरकायचे. मला हसू यायचं आणि हसल्याची लाजही वाटायची.

मग एका हिवाळ्यात भाऊ झोपेतच गेले.

पुढच्या तारखेला बाई आल्या त्या पेढ्यांचा पुडा घेऊनच. मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी मला हातानेच थांबवलं आणि पडद्याकडे पाहून मोठ्याने म्हणाल्या, "भाऊ, पोरीचं ठरलं बरं! माह्या रोगाचं सारं सांगून ठरलं. आता या बाहेर. लग्नाले यावंच लागते तुमाले."

आनंदाच्या भरात त्यांनी पडद्याखाली पाहिलंच नव्हतं. हातात पेढा धरून त्या वाट बघत उभ्या राहिल्या. शेवटी मला पडदा सरकवावा लागला.