रंगनाथअण्णा बाद होते

गेल्या आठवड्यात रंगनाथअण्णांच्या गौरवसमितीचे चिटणीस ज्ञानोबाराव माझ्या घरी आले आणि त्यांनी एका कागदावर माझी सही मागितली, म्हणून हा लेख लिहावा लागत आहे. एरवी मी गौरवाचे लेख लिहीत नाही. त्यांत माणूस कमी आणि विशेषणे जास्त असतात. कागदावरचा मजकूर असा होता: जिल्हा कबड्डी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रंगनाथअण्णांना स्पर्श झालाच नव्हता, त्यांनी भाबडेपणाने हात वर केला आणि घाटनांदूरचा चषक गेला. खाली माझे नाव आणि 'तत्कालीन पंच'.

"बाई, 'बाद न्हाई' असं तुमीच तर सांगितलं होतं," ज्ञानोबाराव म्हणाले. "तुमची सही आली की अण्णावरचा डाग जातोय. लोक अजून म्हणत्यात, यानं मॅच इकली."

मी सही केली नाही. का केली नाही, ते अण्णांच्या साठाव्या वर्षी त्यांच्या सर्व स्नेह्यांसमोर सांगते.

अण्णांना मी प्रथम पाहिले ते घाटनांदूरच्या शाळेच्या मैदानाकडेला मेंढरे चारताना. अंबाजोगाईला पदवी आणि पुढे शारीरिक शिक्षणाचे प्रशिक्षण घेऊन मी तिथे नुकतीच रुजू झाले होते. एक मेंढी कळपातून सुटली आणि मी आखलेल्या कबड्डीच्या रेषा तुडवू लागली. मी ओरडले. अण्णा तिच्यामागे धावले नाहीत. तिला पुढून जाऊ दिले आणि ती वळताच खाली बसून एका हाताने तिचा मागचा पाय धरला. मेंढी जागच्या जागी उभी.

"पळत्या जनावराच्या मागं लागू नये बाई," ते म्हणाले. "ते आपसूक वळतंय."

त्यांचा पुढचा सगळा खेळ या वाक्यात आहे.

संघात त्यांची जागा डाव्या कोपऱ्यात. चढाई करणारा वाहवा घेऊन जातो; कोपऱ्यातल्या माणसाकडे तो चुकला तरच पाहतात. अण्णा त्या जागी पंधरा वर्षे खेळले. समोरचा गडी कितीही नाचो, हे कमरेत वाकून त्याच्या पायांवर नजर ठेवून उभे. त्याने पाय लांबवला की घोटा यांच्या मुठीत. मांजरसुंब्याचा एक नावाजलेला गडी एकाच सामन्यात चौथ्यांदा अडकला, तेव्हा मातीत पडल्या पडल्या म्हणाला, "अण्णा, आता घरीच नेऊन बांधा मला." सगळे मैदान हसले. अण्णांनी त्याला हात देऊन उठवले आणि त्याच्या पाठीवरची माती झाडली. पकड झाल्यावर पाय हळूच पिरगाळायचा, म्हणजे पुढच्या चढाईला गडी लंगडतो, ही खोड तेव्हा चांगल्या चांगल्यांना होती. अण्णांना ती कधी लागली नाही. त्यांच्या स्वतःच्या डाव्या हाताची दोन बोटे मात्र कायमची वाकडी आहेत.

मी मुलींचा संघ उभा करू लागले, तेव्हा पोरी चड्डी घालून खेळणार का, असे विचारत पालक शाळेत आले. माझे त्यांच्याशी कडाक्याचे भांडण झाले आणि उपयोग काही झाला नाही. अण्णांनी भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी धाकट्या बहिणीला मैदानावर आणून उभे केले. आठवडाभरात संघ भरला. मेंढरे भावावर सोपवून ते रोज संध्याकाळी मुलींना शिकवायला येत. आजही येतात.

आता त्या सामन्याविषयी. माझी तोवर बीडला बदली झाली होती. अंतिम सामन्याचे एक पंच आजारी पडले आणि पंचपरीक्षा उत्तीर्ण असल्यामुळे शिट्टी माझ्या हाती आली. पुरुषांच्या सामन्याला बाई पंच, हे लोकांना रुचले नव्हते. गुण बरोबरीत होते, शेवटची चढाई चालू होती. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता, आणि तिथल्या प्रमाणपत्रावर अण्णांना पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेची आशा होती. हे मैदानावर सर्वांना ठाऊक होते. मलाही.

प्रतिस्पर्धी गडी अण्णांच्या बाजूने पाय मारून वळला आणि मध्यरेषा ओलांडून गेला. त्याच्या संघाने स्पर्शाचा गलका केला. मी म्हणाले, "बाद नाही."

अण्णांनी हात वर केला. "बाई, लागलंय," म्हणाले आणि स्वतःहून बाहेर जाऊन बसले.

तेव्हाचे कर्णधार हेच ज्ञानोबाराव. ते अंगावर धावून गेले. "पंच न्हाई म्हणती अन् तू कावून हो म्हणतो बे? तुला कोनी इचारलं?"

"पाय माझा हाय," अण्णा म्हणाले. "मला कळतंय की."

मी गुण दिला. घाटनांदूर एका गुणाने हरले.

सामना संपल्यावर अण्णा पाणी प्यायला माझ्या टेबलापाशी आले. त्यांच्या डाव्या नडगीवर नखाचा ताजा, वीतभर ओरखडा होता. तो मी पाहिला आणि गप्प राहिले. कारण तो गडी वळला त्या क्षणी माझी नजर मैदानावर नव्हती. "बाईला कावून उभं केलं? पोळ्या लाटायला धाडा!" असे कोणी ओरडले आणि मी त्याच्याकडे मान वळवली होती. जे पाहिलेच नाही, त्यावर मी निर्णय दिला. हे कबूल केले तर जिल्ह्यात पुन्हा कोणत्याही बाईला शिट्टी मिळणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. कदाचित ते खरेही असेल. पण भोगले अण्णांनी. पंच म्हणते लागले नाही, हा म्हणतो लागले, त्या अर्थी याने सामना विकला, असा गावाने निकाल लावला. त्यांच्या पत्नी गयाबाईंना पाणी भरायला गेल्यावर टोमणे ऐकावे लागले. भरती झाली नाही. अण्णा त्याच संघात, त्याच कर्णधाराच्या हाताखाली, त्याच कोपऱ्यात पुढे सहा वर्षे खेळले.

पुष्कळ वर्षांनी मी एकदा विषय काढला. तेव्हा ते म्हणाले, "तुमी तिकडं बघत होत्या, ते मला दिसलं होतं बाई. पर तुमाला अजून लई शिट्टी वाजवायची होती."

म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. इतकी वर्षे त्यांनी माझे नाव सांभाळले आणि स्वतःचे जाऊ दिले. हे माहीत असूनही मी त्यानंतर गप्प राहिले. याला मी कारण देत नाही.

तेव्हा समितीने छापायचे ते असे छापावे: स्पर्श झाला होता. रंगनाथअण्णा बाद होते. त्यांनी खरे सांगितले, चूक पंचांची होती.

अण्णांनी शंभरी गाठावी, गुडघे शाबूत ठेवून गाठावी आणि कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलींवर असेच खेकसत राहावे, एवढे मागते.

नोंद: या लेखाच्या दोन प्रती, प्रत्येकी चार पाने, आज समक्ष दिल्या. पहिली ज्ञानोबारावांना, समितीसाठी. त्यांनी ती उभ्यानेच वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि 'छापतो' म्हणाले. दुसरी अण्णांच्या घरी. अण्णा शेतात होते, म्हणून गयाबाईंच्या हाती दिली. त्यांनी ती नातीकडून मोठ्याने वाचून घेतली, शेवटचे पान पुन्हा वाचायला लावले आणि म्हणाल्या, "लई उशीर केला बाई तुमी."

पोच मिळाली.