कोपऱ्याला वजन हवं

घाटकोपरच्या आमच्या महिला कबड्डी संघात मी पाच वर्षं डावा कोपरा सांभाळत होते. वजन त्रेचाळीस किलो. घोटा धरला की सोडायची नाही, पण त्या वर्षी उंच, तगड्या मुली घोट्याला लटकलेल्या मला फरफटत मधली रेषा गाठायला लागल्या. उपांत्य सामना आम्ही तसाच हरलो. आमचे सर म्हणाले, "कोपऱ्याला वजन हवं." मी म्हटलं, "वजन नको, साखळीतल्या जोडीदाराने वेळेवर यायला हवं." सरांनी ऐकून घेतलं आणि महिन्याभराने दिंडोशीच्या संघातून एक मुलगी आणली. पासष्ट किलो तरी असेल. तिला माझा कोपरा दिला आणि मला तिच्या शेजारी उभं केलं. साखळीत तिचा हात माझ्या हातात.

चांगल्या संघातली चांगली खेळाडू आपणहून आमच्याकडे का येईल? हे मला पहिल्या दिवसापासून खटकत होतं. त्यात सरावाला ती घोटा धरायची आणि समोरची पडतेय असं दिसलं की हात सोडून द्यायची. एकदा, दोनदा, मग मी मोजणंच सोडलं. एका संध्याकाळी ती बस स्टॉपवर दिंडोशीच्या कॅप्टनशी बोलताना दिसली. मला बघून दोघी गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांना म्हटलं, "ही तिकडचीच आहे अजून. आपले डाव तिकडे पोचतायत."

"पाहिलंस तू?"

"बोलताना पाहिलं."

"बोलू दे की," सर म्हणाले आणि शिट्टी पुसत बसले. मला सरांचाही संशय यायला लागला.

नंतर स्पर्धेत दिंडोशीशीच गाठ पडली. त्यांची कॅप्टन चढाईला आली, आमच्या नव्या मुलीने तिचा घोटा अचूक धरला आणि सोडला. दोन गडी बाद करून कॅप्टन परत गेली. मध्यंतरात मी हिला पाण्याच्या पिंपाजवळ गाठलं.

"मुद्दाम सोडलास ना?"

ती पाणी प्यायली. मग म्हणाली, "हो."

मी सरांना हाक मारणार होते. तिने माझा हात धरला. "गेल्या वर्षी सरावात मी त्यांच्या कॅप्टनला धरलं आणि तिच्या अंगावर पडले. खांद्याचं हाड मोडलं गं. सहा महिने घरी होती. म्हणून मी तो संघ सोडला. आता घोटा हातात आला की तो आवाज ऐकू येतो मला."

माझा विश्वास बसला नाही. मी सरळ कॅप्टनकडे गेले आणि विचारलं. तिने टी-शर्टचा गळा बाजूला केला. हाड जिथे जुळलं होतं तिथे सुपारीएवढा उंचवटा होता.

"तिला सांग, धर म्हणून," ती म्हणाली. "बस स्टॉपवर मी तेच सांगत होते. सोडते त्याने मला जास्त राग येतो."

दुसऱ्या डावात मी हिला म्हटलं, "घोटा मी धरते. तू कमरेला धर, उभ्या उभ्या. पडू नकोस." कॅप्टन आली. मी घोट्यावर झेपावले. क्षणभर वाटलं, ही येणार नाही. मग वरून तिचे हात आले आणि कॅप्टन जागच्या जागी थांबली. तशा तीन पकडी झाल्या. सामना मात्र आम्ही दोन गुणांनी हरलो.

घरी जाताना मी सरांना विचारलं, "तुम्हाला हाडाचं माहीत होतं?"

"होतं."

"मग आम्हाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सरावाला तिच्या हातात पाय दिला असतात?"

दिला नसता, हे मला माहीत होतं. पण सरांनी ते आमच्यापासून लपवलं, हेही मला आवडलं नाही. त्यानंतर सर काहीही म्हणाले, तरी यामागे काय असेल, हे मी आधी शोधत राहिले.